पुसलेली सव्वीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे, पण खडू माझ्या नशिबी कधी आला नाही. माझी शाळा समुद्राच्या पोटात भरत असे. मी पांढऱ्या प्लास्टिकची, तळहाताएवढी. दोन भोकांतून ओवलेल्या रबराने मी मनगटावर बसत असे आणि माझ्या कडेला दोरीने शिसपेन्सिल बांधलेली असे. पाण्याखाली तोंडात हवेची नळी असल्यामुळे बोलता येत नाही. म्हणून काय करायचे ते माणसे वरच ठरवतात, माझ्यावर लिहितात आणि मला बरोबर घेऊन खाली उतरतात.

मासे कापायच्या एका जाड फळीतून माझा जन्म झाला. फ्लोरिडाच्या वरच्या किनाऱ्यावर, कोळंबीच्या होड्या लागतात त्या धक्क्याजवळ, लोरीन बारफील्ड यांचे हवेच्या टाक्या भरून देण्याचे दुकान होते. त्यांनी एका दुपारी ती फळी करवतीने कापली, माझ्या कडा घासल्या आणि मला धुऊन उन्हात ठेवले. तरी माशांचा वास वर्षभर माझ्या अंगाला होता. लोरीन पंचावन्न वर्षांच्या, हडकुळ्या, जिभेच्या तिखट. तीस वर्षे त्यांनी पाण्याखाली भाल्याने मासे मारले होते. गावातली लहानथोर माणसे त्यांना ‘मिस लोरीन’ म्हणत आणि त्यांच्यापुढे आपोआप टोपी काढत.

ड्युइट गेनीही टोपी काढूनच आला. सव्वीस वर्षांचा हा गडी होड्यांची इंजिने दुरुस्त करायचा. येताना त्याने कागदी पिशवीत उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या.

“मिस लोरीन, मला दोनशे फुटांवर जाऊन मोठा हेकरू मासा मारायचाय. टाक्या लावून. कधीपर्यंत तयार कराल मला?”

“पोहता येतं का?”

“साठ फुटांवर मासे मारतोय मी, दहा वर्षं झाली!”

“मी पोहण्याचं विचारलं. मारण्याचं नाही.”

मग त्यांनी शेंगा स्वतःकडे ओढल्या आणि माझ्या पाठीवर सहा ओळी लिहिल्या. पहिली ओळ गोड्या पाण्याच्या झऱ्यातली. तिथे एका जागी न हलता तरंगायचे आणि डोळ्यांवरची काच काढूनही घाबरायचे नाही. दुसरी, जास्त प्राणवायू घातलेल्या हवेची. तिसऱ्या ओळीत पाठीवर दोन टाक्या आणि त्यांच्या चाव्या डोळे मिटून बंद करणे. चौथी एकशे चाळीस फुटांची. तिथून परत येताना ठरलेल्या खोलीवर थांबायचे, म्हणजे अंगात मुरलेली हवा सावकाश बाहेर पडते. पाचव्या ओळीत हेलियम मिसळलेली हवा आणि दोनशे फूट. भाला होता तो थेट सहाव्या ओळीत, आणि तोही पुन्हा उथळ पाण्यापासून.

“दोन वर्षं लागतील,” मिस लोरीन म्हणाल्या.

“थोडं आटपतं नाही का घेता येणार, मॅम?”

“येईल की. एका वर्षात उरकू. पण मग सातवी ओळ पाद्रीबाबांकडून लिहून घे.”

ड्युइट हसला. मला मात्र तेव्हाच कसेतरी झाले.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. झऱ्याच्या गार पाण्यात मी त्याच्या मनगटावर असे आणि माझ्या दर्शनी अंगावर त्या दिवसाचे आकडे असत: किती फूट, किती मिनिटे, कुठे किती थांबायचे. वर आल्यावर ओल्या वाळूने घासून मला पुन्हा कोरी करायची, अशी सगळ्याच पाणबुड्यांची रीत. मिस लोरीन यांनी त्या रीतीला एक पुस्ती जोडली होती. आकडे आधी त्यांच्या वहीत उतरायचे, मगच पाटी पुसायची. ड्युइटने ते कधी चुकवले नाही. तिसऱ्या ओळीला त्याला सात महिने लागले, पण ती त्याने अशी उत्तम केली की मिस लोरीन यांनी स्वतःच्या हाताने त्याला भाजलेला मुलेट मासा वाढला. त्या सहसा कुणाची स्तुती करत नसत. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

मग मे महिना आला. गावात दरवर्षी मासे मारायची स्पर्धा भरे, आणि नेमक्या त्याच शनिवारी चौथ्या ओळीचा एक सराव होता. बुडालेल्या जहाजाचा सपाट माथा, एकशे चाळीस फूट, अठरा मिनिटे. बाकी होड्यांवर भाले चमकत होते. आमच्या होडीवर भाला नव्हता, निदान मिस लोरीन यांना तसे वाटत होते. होडी चालवणारा ओडेल स्ट्रिकलंड हा ड्युइटचा मामा. त्याने पहाटेच नांगराच्या साखळीला भाल्याची बंदूक बांधून खाली सोडली होती. गंमत म्हणून.

“भाच्या, वरून नेऊ नको म्हणाल्यात ना? खाली सापडला तर तुझा काय दोष!” तो कुजबुजला होता.

मित्रांनो, ते मी ऐकले होते. पण मला तोंड नाही.

दोघे खाली गेल्यावर ड्युइटने साखळीवरून बंदूक सोडवली. मिस लोरीन यांनी हातातल्या दिव्याने त्याच्यासमोर जोरात आडव्या रेघा मारल्या. नाही म्हणजे नाही. तेवढ्यात जहाजाच्या मागच्या अंगाने एक हेकरू निघाला, वासराएवढा. भाला सुटला, माशाला लागला, आणि मासा दोरीसकट जहाजाखालच्या खड्ड्यात शिरला. ड्युइट त्याच्या मागे गेला. दीडशे. एकशे सत्तर. एकशे नव्वद. एवढ्या खोल साध्या हवेची नशा चढते, माणूस उगाच खूश होतो. ड्युइटने माझ्याकडे पाहिले. माझ्यावर अठरा मिनिटे लिहिली होती आणि ती संपत आली होती. तो नळीभोवती हसला, अंगठ्याने अठरा पुसले आणि शांतपणे अठ्ठावीस लिहिले. मी ते अंगावर घेतले. माझ्या आयुष्यात मला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

मिस लोरीन त्याच्यामागे खाली उतरल्या, कारण त्याला एकटे सोडणे त्यांना जमले नाही. पट्ट्याला धरून त्यांनी त्याला ओढून काढले तेव्हा त्याच्या घड्याळात सव्वीस मिनिटे झाली होती. मासा तर दोरी तोडून केव्हाच गेला होता. परतीच्या थांब्यांसाठी दोघांकडे एकेक जादा टाकी होती. पण इतक्या खोलीनंतर थांबायचे होते कितीतरी जास्त, आणि ड्युइट धापा टाकून आपली हवा संपवत होता. मिस लोरीन यांनी आपली टाकी काढून त्याच्या हातात दिली, बोटाने ‘इथेच थांब’ म्हणून सांगितले आणि होडीवरची तिसरी टाकी आणायला त्या वर गेल्या. त्यांचे स्वतःचे थांबे राहून गेले आणि मुरलेली हवा अंगातच अडकली. त्या परत आल्या नाहीत.

ड्युइट पाऊण तास दोरीला धरून लटकला होता. नशा उतरली होती आणि माझ्यावर त्याच्याच अक्षरात अठ्ठावीस लिहिलेले होते. तो वर आला तेव्हा ओडेल रडत होता.

“तिला पाय नाहीत म्हणते रे! कमरेखाली काही नाहीच म्हणते!”

ड्युइट होडीच्या तळाशी बसला. मिस लोरीन यांच्याकडे त्याने पाहिले नाही. त्याने बाहीने मला घासले, पुन्हा घासले, आणि मी कोरी झाले.

न थांबता वर आलेल्या पाणबुड्यांसाठी इस्पितळात दाबाची एक लोखंडी खोली होती. तिथे मिस लोरीन यांना आत घेतले. त्यांची जीभ जड झाली होती, बोललेले कळत नव्हते. डॉक्टर आयव्ही नावाच्या बाई घाईने बाहेर आल्या. “किती फूट? किती मिनिटं? मला यावरच पुढचं ठरवायचंय.”

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा सगळे आपोआप टिपून ठेवणारी यंत्रे घरोघरी आली नव्हती. मिस लोरीन सोडल्या तर खरे काय ते फक्त ड्युइटला ठाऊक होते, आणि त्याच्या खिशात मला.

“एकशे चाळीस, मॅम,” ड्युइट म्हणाला. “अठरा मिनिटं.”

ओडेलने मान खाली घातली. डॉक्टरांनी तेच लिहून घेतले.

दोन तासांनी त्या पुन्हा आल्या. “एव्हाना पाय हलायला हवे होते. आकडे नक्की ना?”

ड्युइटचा हात खिशात गेला. तो मला इतका घट्ट आवळत होता की माझी कड त्याच्या तळव्यात रुतली. मग तो म्हणाला, “नाही. एकशे नव्वद. सव्वीस मिनिटं. मीच पुसलं.”

डॉक्टर आत धावल्या. संध्याकाळपर्यंत डावा पाय हलला. उजवा हलला नाही.

तीन आठवड्यांनी मिस लोरीन घरी आल्या आणि त्यांनी ड्युइटला बोलावले. तो दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“पाटी आणलीस?”

त्याने मला पुढे केले.

“मिस लोरीन, ते दोन तास... आधी सांगितलं असतं तर पाय वाचला असता का?”

“विचारलं मी डॉक्टरबाईंना. म्हणाल्या, कुणालाच सांगता येणार नाही.” त्यांनी पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला. “हो म्हणाल्या असत्या तर मी तुला शिव्या घातल्या असत्या. नाही म्हणाल्या असत्या तर माफ केलं असतं. आता काय करू सांग?”

मिस लोरीन यांनी मासे सोलायचा चाकू घेतला आणि माझ्या अंगात खोल आकडे कोरले: एकशे नव्वद, सव्वीस. मला फार दुखले, पण मी तक्रार केली नाही.

आता मी मनगटावर बसत नाही. दुकानात टाक्या भरतात तिथे खिळ्याला लटकते. ड्युइट पाण्यात उतरत नाही, पण रोज येऊन त्यांच्या जड टाक्या उचलतो. दोघे फारसे बोलत नाहीत. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी येऊन विचारते, दोनशे फुटांवर शिकार करायला किती दिवस लागतील? मग मिस लोरीन मला त्या आलेल्याच्या हातात देतात आणि म्हणतात, “पूस.” तो अंगठा घासतो, थुंकी लावतो, वाळू मागतो. काही जण पुढच्या आठवड्यात येतच नाहीत. काही जण हसतात, आणि त्यांचे हसू मला ओळखीचे वाटते.

मित्रांनो, माझ्यावर चुकीचे लिहिले गेले तर त्याला इलाज असतो. मला वाळूने घासा, उन्हात टाका, तोडून चुलीत घाला, माझे काही म्हणणे नाही. एवढेच करा, की तुमच्या हातून जे घडले ते पुसण्याआधी, ज्याचा जीव त्यावर अडला आहे त्याला एकदा वाचू द्या. ड्युइटला खरे सांगायला दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत काय गेले हे त्याला मरेपर्यंत कळणार नाही.