परातीतलं कोर्ट

परातीभोवती तीनशे माणसं जमली होती. पुढची वाकून बघत होती, मागची पुढच्यांच्या खांद्यांवर चढू पाहत होती. राजूरच्या चुनाभट्ट्यांपलीकडचा हा तांडा एरवी गुरुवारी दुपारी रिकामा असतो, पण त्या दिवशी मुकादम देवीलालनं भट्टी दोन तास आधी बंद केली होती. माणसं कामावरून थेट आली होती, कोपरापर्यंत पांढरी. मीही स्कूटीला टेकून उभी होते. मला काही कागदांवर सह्या हव्या होत्या आणि सह्या करणारे सगळे परातीजवळ होते.

परातीमागे हळदीबाबा बसले होते. सदरा पिवळा, धोतर पिवळं, कपाळही पिवळं. शेजारी हळदीच्या पाण्यानं भरलेली घागर.

"ही हळद नाही, बेटा," ते म्हणाले. "हे देवाचं कोर्ट आहे. इथं वकील नाही, तारीख नाही, अपील नाही. हात बुडवा, निकाल घ्या."

लोक माझ्याकडे बघून हसले. मी वणीच्या कोर्टात एकोणीस वर्षं वकिली करते, त्यातली बहुतेक फी न घेता, आणि तारखांना कंटाळलेली माणसंच माझ्याकडे येतात. बाबांच्या त्या जाहिरातीत मला काही खोट काढता आली नाही.

झालं होतं असं, की भावसिंगच्या गोठ्यातली दोन जनावरं महिन्याभरात मेली होती आणि त्याची सून तापानं अंथरुणाला खिळली होती. तांड्यात कोणी तरी चेटूक करणारी डाकण आहे, असं ठरलं होतं. ते कोणी ठरवलं हे विचारलं तर जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवत होता. बाबांना घेऊन आला होता देवीलाल. मुकादमाला तांड्याचा इतका कळवळा एकदम कसा आला, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

घरटी एक माणूस पुढे यायचा. देवीलाल पिशवीतून लिंबू काढून, अर्धं कापून त्याच्या हातावर पिळायचा. भेगांमध्ये रस गेला की माणूस कळवळायचा. "पाप जळून राह्यलं," बाबा समाधानानं म्हणायचे. मग एकाचं पाप दुसऱ्याला लागू नये म्हणून परात रिकामी करून नवं पाणी ओतायचं आणि माणसानं त्यात दोन्ही हात बुडवायचे. पाणी पिवळंच राहिलं की तो सुटला. वीस घरं सुटली.

एकविसावी मानीबाई. तिनं हात बुडवले आणि पाणी लाल झालं. हळूहळू नाही, एका क्षणात. तिच्या बोटांमधून रक्त सुटावं तसा रंग पसरला आणि सगळी गर्दी एक पाऊल मागे सरली.

मानीबाई साठीची आहे. चाळीस वर्षं भट्टीवर पोत्यांत चुना भरते आहे. नवरा त्याच भट्टीवर खोकून खोकून गेला, तेव्हा तिनं केसांतली घुगरी, सवाष्णीचा दागिना, उतरवली आणि दुसऱ्या आठवड्यात कामावर आली. तिनं लाल हात पदराला पुसले आणि बाबांकडे नाही, तांड्याच्या नायकाकडे, प्रेमसिंगकडे बघितलं. प्रेमसिंग जमिनीकडे बघत होता. रविवारपर्यंत तिनं तांडा सोडावा, असं तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की देवीलालला तो हुकूम मोठ्यानं पुन्हा सांगावा लागला.

आता माझ्या सह्यांचं सांगते. भट्टीवरच्या माणसांची सरकारी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, त्यांना उपचार मिळावेत, म्हणून नागपूर खंडपीठात आमची जनहित याचिका चालू होती. पहिली अर्जदार मानीबाई, तिच्यामागे अकरा जण. भट्टीमालकानं शपथेवर उत्तर दिलं होतं की कामगारांना हातमोजे दिले आहेत, सगळं काम फावड्यानं होतं, चुना कोणाच्या अंगाला लागतच नाही. ते खोडायला मला अकरा प्रतिज्ञापत्रं हवी होती. सुनावणी सोमवारी होती.

बाबांची गाडी गेली आणि अकराही जण माझ्याजवळ आले. भावसिंग सगळ्यांच्या वतीनं बोलला. "वकीलबाई, आमचं नाव काढून टाका. डाकणीच्या कागदावर आमचा अंगठा नको."

मला राग यायला हवा होता. आला नाही. गेली काही वर्षं माझं असंच झालं आहे. पहिल्या पाच-सहा वर्षांत मी अशिलांबरोबर रडायचे, नंतर त्यांच्यासाठी भांडायचे, आणि आता नुसती वहीत नोंद करते. मी वहीत लिहिलं, 'अकरा माघार.' घरी जाऊन सुनावणी पुढे ढकलण्याचा अर्ज टाइप केला, जेवले आणि झोपले. चमत्कारावर माझा विश्वास बसला नव्हता, पण तो कसा झाला हे शोधण्याचीही मला इच्छा नव्हती. बाबांवर भरवसा ठेवणाऱ्यांहून मी फार वेगळी वागले नाही.

शनिवारी सकाळी त्या अर्जावर मानीबाईचा अंगठा घ्यायला गेले. ती भट्टीवरची शेवटची पाळी करून आली होती आणि तशाच पांढऱ्या हातांनी गाठोडं बांधत होती. कुठं जाणार, विचारलं तर म्हणाली, ढाणकीला भाचीकडे, ठेवून घेतलं तर. मी अर्ज पुढे केला. तिनं तो वाचून दाखवायला सांगितलं नाही, अंगठाही केला नाही. गाठोड्याची गाठ आवळत राहिली.

काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, लिंबू फार झोंबलं का.

"मले कायले झोंबन?" ती म्हणाली. "मले लिंबू देल्लंच नाही नं. देवीलाल म्हणे, रांडव बाईले पूजेचं लिंबू चालत नाही."

"बाकी सगळ्यांना दिलं?"

"सगळ्याईले. दुसऱ्या घरचे माणसंच आल्ते. माह्या घरी माणूस कोण हाय? मीच गेलती."

विधवेला लिंबू चालत नाही. हळद-कुंकवाला चालत नाही, लग्नाच्या मांडवात पुढे चालत नाही, तसंच हेही. तीनशे माणसांत कोणाला ते खटकलं नाही. मीही तिथं उभी होते. एका बाईला वगळलं जाताना मी बघितलं, आणि रोजचंच असल्यामुळे मला ते दिसलं नाही.

गेल्या दिवाळीत कोर्टाच्या पायरीवर माझा पाय मुरगळला होता. तेव्हा याच मानीबाईनं मला घरी बसवून हळद-चुन्याचा लेप लावला होता. पिवळी हळद, पांढरा चुना, आणि लेप झाला लालभडक. आठवडाभर तो लाल पाय घेऊन मी कोर्टात गेले होते.

मी तिच्या चुलीजवळची हळद घेतली, वाटीभर पाण्यात कालवली आणि तिला बोटं बुडवायला सांगितलं. पाणी लाल झालं. मग त्याच पाण्यात लिंबू पिळलं. ते पुन्हा पिवळं झालं. मानीबाईनं वाटी उचलून उजेडात धरली.

"आन् हे मले माहीत होतं," ती म्हणाली.

जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याखाली मी तक्रार लिहिली आणि पुढे दिलीही. पण ती तक्रार निकालात निघेपर्यंत मानीबाई ढाणकीलाच राहिली असती. निकाल तांड्यात लागला होता, तो तांड्यातच फिरवणं भाग होतं.

रविवारी बाबा डाकणीला सीमेबाहेर काढायचा विधी करायला आले. भट्टीला रविवार नसतो, त्यामुळे माणसं तशीच पांढऱ्या हातांनी जमली. मी पुढे गेले आणि नायकाला म्हणाले, मला एकच प्रश्न विचारायचा आहे.

"या बाईचा धर्म वेगळा," बाबा म्हणाले. "हळदीचं मोल हिला काय कळणार?"

"आमच्याही भाजीत हळदच पडते, महाराज," मी म्हणाले. "आणि पाण्यानं मोल सांगायचं आहे, मी नाही. नायक, तुमी सकाळी कामावर होते नं? लिंबू न लावता हात बुडवा."

देवीलाल पिशवी घेऊन पुढे झाला. लिंबाशिवाय विधी भ्रष्ट होतो, असं तो म्हणू लागला. मानीबाईच्या वेळी कसा झाला नाही, असं मी विचारलं. तो बाबांकडे बघू लागला आणि बाबा घागरीकडे. प्रेमसिंग सत्तरीचा आहे, त्याला कोणाची घाई चालत नाही. त्यानं बाह्या वर केल्या, परातीतलं पाणी स्वतः बदललं आणि हात बुडवले.

लाल.

मग भावसिंग पुढे आला. लाल. त्याच्यामागून त्याची बायको, मग सह्या नाकारलेल्या अकरांतले बाकीचे सगळे. दर वेळी प्रेमसिंग पाणी बदलत होता आणि दर वेळी ते लाल होत होतं. शेवटी मी देवीलालच्या पिशवीतलं लिंबू घेऊन मानीबाईच्या हातावर पिळलं आणि नव्या पाण्यात तिचे हात बुडवले. पाणी पिवळंच राहिलं.

मी सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. तुमच्या हातांवर चुना आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. लिंबू चुन्याला मारतं, म्हणून ज्याला लिंबू दिलं तो सुटला. पापाचा, देवाचा आणि भावसिंगच्या जनावरांचा यात काही संबंध नाही.

"मुरगळलेल्या पायाले लावतो तवा बी लालच होते," मागून एक बाई म्हणाली. "मंग आपण हे काहून नाही पाह्यलं?"

बाबा गाडीत बसले. त्यांना कोणी अडवलं नाही, कोणी दगडही उचलला नाही. लोक परातीकडे बघत उभे होते आणि मला वाटतं, सगळ्यांनाच थोडी लाज वाटत होती. प्रेमसिंग मानीबाईजवळ गेला. चुकलं, याडी, म्हणाला. याडी म्हणजे आई. ती वयानं त्याच्याहून लहान आहे.

"तुमी मले चाळीस सालांपासून वयखता," मानीबाई म्हणाली. "परातीले तर चारच दिवस झालते."

जाताना मी तिला विचारलं, आज तरी लिंबू झोंबलं का. तिनं हात उलटेपालटे करून बघितले. भेगांवर भेगा होत्या, नखं अर्धी गेलेली. "नाही," ती म्हणाली. "हाताले काही समजतच नाही आता." स्कूटी सुरू करताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षांनी आलं ते मला सांगता येणार नाही.

सोमवारी अकराही जण नागपूरला आले. प्रत्येकाच्या प्रतिज्ञापत्रात एकच मजकूर होता: रविवारी आम्ही कामावरून आलो, हळदीच्या पाण्यात हात घातले आणि पाणी लाल झालं. मालकाचं शपथपत्र म्हणत होतं की चुना कोणाच्या अंगाला लागत नाही. चार वर्षं मला जो पुरावा मिळत नव्हता, तो मालकाच्याच मुकादमानं परात मांडून दिला होता. न्यायमूर्तींनी मालकाच्या वकिलांना विचारलं, मग पाणी लाल कशानं झालं? त्यांनी उत्तरासाठी मुदत मागितली. मुदत मिळाली, पण त्याबरोबर सरकारी डॉक्टरांनी महिन्याच्या आत तांड्यावर जाऊन प्रत्येकाचे हात आणि छाती तपासावी, असा आदेशही झाला. परतीच्या बसमध्ये मानीबाई खिडकीशी बसून झोपली होती.

एवढं वाचून कोणी म्हणेल, ती माणसं अडाणी होती. तसं नव्हतं. हळद आणि चुना मिसळला की काय होतं, हे तांड्यातल्या प्रत्येक घराला माहीत होतं, आणि मी तर पदवीधर. माहिती सगळ्यांकडे होती, विचारलं कोणी नाही. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या गावात कोणी परात मांडली, तर पाण्याच्या रंगाकडे नंतर बघा. आधी लिंबू कोणाला दिलं नाही ते बघा, आणि का दिलं नाही ते तिथंच, सगळ्यांसमोर विचारा.