नंबर तोच राहील

एप्रिलचे शेवटचे तीन दिवस उरले होते आणि माझे अजून दोन नंबर कमी होते. कंपनीला महिन्याला बारा नवे नंबर लागतात. म्हणजे दुसऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक ओढून आपल्याकडे आणायचं, त्याचा नंबर तोच ठेवायचा आणि हातात नवा फोन द्यायचा. बारा झाले तर दुकानाचं भाडं सुटतं. अकरा झाले तर कंपनीचा माणूस फोन करून माझी इतकी गोड चौकशी करतो की जेवण जात नाही.

कोरियातल्या साम्चॉकच्या बाजारपेठेत, वाळवलेल्या माकुळांच्या दुकानाला लागून माझं दुकान आहे. नंबर सगळ्याच कंपन्यांचे देते, पण बाराची अट एकीचीच. सतरा वर्षं झाली. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी आई म्हणायची, आणि त्याच जिभेवर मी घर चालवलं. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

त्या दिवशी प्यो काका आले. प्यो ग्वांग्शिक, वय एकाहत्तर, सिमेंटच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आता सरकारी दवाखान्याच्या पार्किंगच्या खोपटात बसतात. त्यांची बायको, ओक काकू, जानेवारीत गेली. तिचा नंबर फेब्रुवारीत मीच बंद करून दिला होता. मृत्यूचा दाखला माझ्याच हाताने स्कॅन केला, आणि काकांच्या पुढ्यात कॉफीचा कागदी पेला ठेवून दोन शब्द बोलले होते. सगळ्यांशी बोलते तेच दोन शब्द.

"मालकीणबाई, माझं बिल का वाढलं हो?" काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मी तर कुणाला फोनसुद्धा करत नाही."

मी बघितलं. नवरा-बायकोचे नंबर एकत्र जोडलेले होते, म्हणून दोघांना सूट होती. काकूंचा नंबर बंद झाला आणि सूट तुटली. महिन्याला अकरा हजार वॉन वाढले होते. फेब्रुवारीत हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मला ते सुचलंच नाही.

आणि आता मला सुचलं ते वेगळंच.

"काका, ही कंपनीच सोडा," मी म्हटलं. "एकट्या माणसाला तिथे कोण विचारतं? मी तुम्हाला दुसरीकडे नेते. बिल कमी होईल, वर नवा फोन."

"पण माझा करार आहे ना? तुम्हीच सही घेतली होती. अजून नऊ महिने आहेत."

"करार मोडायचा दंड नवी कंपनी भरते. हा जुना फोन आपण विकून टाकायचा. काच धड आहे, चांगला भाव येईल. राहिलेले हप्ते त्यातून फिटतात."

"हा चांगला चाललाय की."

"चाललाय हो, पण किती दिवस? आता बॅटरी जाईल, मग काच जाईल, मग कवडी मिळणार नाही."

काका फोन हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "यातलं सगळं त्यात येईल का?"

"येईल म्हणजे? नंबर तोच राहील काका. नंबर आला की सगळं त्याच्या मागोमाग येतं."

हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते. आमच्याकडे नंबर म्हणजेच माणूस. बँकेत नंबर, दवाखान्यात नंबर, घराच्या दाराचं कुलूपसुद्धा नंबराच्या शेवटच्या चार आकड्यांवर उघडतं. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना हे वाक्य लगेच पटतं. काकांनाही पटलं. त्यांनी सही केली.

दोन्ही फोन वायरने जोडून मी सामान हलवायला घेतलं. पडद्यावर यादी आली. नाव-नंबर, मेसेज, फोटो. आणि खाली ऑडिओ, एक हजार नऊशे चौदा फायली, वेळ पन्नास मिनिटं. बाहेर एक बाई ताटकळत उभी होती, ती माझा बारावा नंबर होती, आणि ती निघून जाईल अशी मला धाकधूक होती. म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये जुन्या ढंगाची गाणी खच्चून भरलेली असतात. नातवंडं भरून देतात.

"काका, गाणी हवीत का?"

"गाणी कसली आता," काका म्हणाले.

मी त्या ओळीवरची खूण काढून टाकली. सहा मिनिटांत काम झालं.

माझ्या दुकानात एक नियम आहे. जुना फोन पुसायचा तो गिऱ्हाइकाने स्वतःच्या बोटाने. मागून कुणी येऊन तुम्ही पुसलंत म्हणू नये म्हणून. मी फोन पुढे केला, "काका, इथे दाबा," म्हटलं. काकांनी बोट आधी पॅन्टला पुसलं, मग दाबलं. पडदा काळा झाला. जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला, मीही केला, आणि बाहेरच्या बाईला आत हाक मारली.

चार दिवसांनी काका परत आले. कामावरचं निळं जाकीट अंगावर होतं.

"मालकीणबाई, ते बोलणं कुठे दाबल्यावर येतं?"

"कुठलं बोलणं?"

"हिचं बोलणं. आधीच्या फोनमध्ये फोनच्या चित्रावर दाबलं की खाली यादी यायची. यात यादी येते, पण रिकामी येते."

मला कळायला वेळ लागला नाही. आमच्याकडच्या फोनमध्ये दोघांचं बोलणं आपोआप टेप होतं. एकदा ते चालू केलं की माणूस विसरून जातो. भांडण झालं, पैशाचं काही झालं, की पुरावा म्हणून लोक काढतात. एक हजार नऊशे चौदा.

"त्यात काकू होत्या का हो?" मी विचारलं.

"हीच होती. दुसरं कोण फोन करणार मला?" काका हसले. "रोज सहा वाजता करायची. निघालात का, येताना टोफू आणा, चांगला बघून आणा, कालचा आंबट होता. तेवढंच. मी रोज एक ऐकतो. गेल्या वर्षीच्या त्याच तारखेचं. जेवायला बसलो की लावतो. सत्तावीस एप्रिलपर्यंत आलो होतो."

मी त्यांना खुर्ची दिली. सांगायला हवं होतं ते माझ्याच्याने एकदम सांगवेना. आधी मी बोंगला फोन लावला. बोंग दर सोमवारी जुने फोन घेऊन जातो.

"तो प्योंचा फोन? ताई, तो गेला की," बोंग म्हणाला. "आणि असता तरी काय? तुमच्याकडे एकदा पुसला, माझ्याकडे पुन्हा पुसला. आता त्यातून देवसुद्धा काही काढू शकणार नाही. का, गिऱ्हाईक डोकं खातंय?"

मी फोन ठेवला. काकांनी सगळं ऐकलं होतं.

"पण नंबर तोच आहे ना?" ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, नंबर आला की सगळं येतं."

"म्हणाले होते."

"मग मी बोटाने दाबलं तेव्हा..."

"हो काका. तेव्हाच."

ते आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं. दुकानातल्या वस्तू फेकल्या असत्या तरी मी उचलून ठेवल्या असत्या. पण ते उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि म्हणाले, "गाणी म्हणालात ना तुम्ही, म्हणून मी नाही म्हटलं." आणि गेले.

मी दुपारी जेवले नाही. शेजारची माकुळवाली विचारायला आली, तिच्यावर उगाच खेकसले. मला राग आला होता, आणि सांगायला लाज वाटते, तो आधी काकांचाच आला. एवढं मोलाचं होतं तर आधी सांगायला काय झालं होतं? मग माझा मला आला. सतरा वर्षं मी ही यादी बघतेय. आत काय आहे ते उघडून बघायला किती वेळ लागला असता?

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडताना माझ्या डोक्यात आलं, की दुकानाचा फोनही टेप करतो. गिऱ्हाइकं शब्द फिरवतात, म्हणून मी पहिल्यापासून चालू ठेवलंय. मी काकूंचा नंबर घातला. एकच निघालं. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर, सतरा तारीख. दोन मिनिटं अडतीस सेकंद. काय बोलणं झालं होतं ते मला काडीमात्र आठवत नव्हतं.

मी ते ऐकलं. मग शटर अर्धं खाली ओढलं आणि पुन्हा ऐकलं. काकांना देऊ नये असं मला अगदी मनापासून वाटलं, कारण त्यात मी होते. तरी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना बोलावून घेतलं.

"काका, एक सापडलंय," मी म्हटलं. "पण ऐकून तुम्हाला त्रास होईल."

"आवाज तिचाच आहे ना?"

"हो."

"मग लावा."

मी लावलं.

"मालकीणबाई, मी प्योंच्या घरून बोलतेय."

"बोला काकू, बोला!"

"एक विचारायचं होतं. आमचे दोन नंबर एकत्र आहेत ना. त्यातला एक हिवाळ्यात बंद झाला, तर दुसऱ्याचं बिल वाढतं का हो?"

"अगंबाई, बंद कशाला करताय? कुठे चौकशी केलीत का? स्टेशनसमोरच्या दुकानात गेला होतात ना? खरं सांगा!"

"नाही हो. कुठेच नाही गेले."

"त्यांच्या नादी लागू नका काकू. ते गोड बोलतात आणि गळ्यात मारतात. उलट मी सांगते, आत्ता सगळीकडे नवीन योजना आल्यात..."

आणि पुढे मी. नुसती मी. दीड मिनिटभर मी योजना सांगतेय, फोन सांगतेय, मोफत मिळणाऱ्या तव्याबद्दल सांगतेय. मधे मधे काकूंचा आवाज येतो. हो. बरं. हो, कळलं. एकदा ती खोकते, आणि मी थांबतसुद्धा नाही. शेवटी मला श्वास घ्यावा लागतो तेव्हा ती म्हणते, "ह्यांना बिलातलं काही कळत नाही. माझ्या मागे... म्हणजे मी नसले दुकानात यायला, तर जरा बघाल ना?"

"बघते ना काकू! काळजीच नको!"

"ठेवते हं मग."

बिलातलं कळत नाही म्हटल्यावर काका नाकातून हसले होते. आता ते बोटांवर महिने मोजत होते.

"ऑक्टोबर," ते म्हणाले. "डॉक्टरांनी मला हिच्या दुखण्याचं डिसेंबरात सांगितलं. त्याच्या आधी तिने वर्षाची किमची मुरत घातली होती. दरवर्षी कोबीचे चाळीस गड्डे, या वेळी वीसच. मी म्हटलं, एवढीच? तर म्हणाली, कोबी महागलाय." त्यांनी हात खाली घेतला. "कोबी महागला नव्हता हो. मीच तर आणला होता."

काकूंनी मला विचारलं होतं. घरच्या माणसाला जे सांगितलं नव्हतं ते बिलाच्या निमित्ताने का होईना माझ्यापुढे ठेवलं होतं, आणि मी तिला तवा विकत होते. बघते म्हणाले होते. आणि बिल वाढलं तेव्हा मी बघितलं ते हे, की माझा अकरावा नंबर आला.

"काका," मी म्हटलं, "मी यातला माझा आवाज कापून देते. मला येतं ते. नुसता काकूंचा ठेवते."

मी आधीच करून बघितलं होतं. माझं सगळं कापलं की तिचे एकोणतीस सेकंद उरतात.

काकांनी लावायला सांगितलं. मी लावलं. काकूंचा प्रश्न आला. मग, नाही हो. कुठेच नाही गेले. हो. बरं. हो, कळलं. त्यात कुठे मधे काही नाही.

"नको," काका म्हणाले. "हे नको. आधीचं द्या, सगळं."

"त्यात माझी बडबड आहे काका."

"असू दे. तुम्ही गप्प झालात तर ती कुणाला हो म्हणतेय?"

मी सगळं त्यांच्या नव्या फोनमध्ये घातलं. पहिल्याच पडद्यावर, एका दाबात लागेल असं. त्यांनी पुन्हा वाकून नमस्कार केला. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. नव्या करारावर त्यांची सही आहे, चोवीस महिन्यांची.

मे संपत आला. सहाच्या सुमाराला मी भाजी आणायला बाजारात जाते. वाट भाताच्या गिरणीमागच्या गल्लीतून आहे, तिथे तळमजल्यावर काका राहतात. उकाडा सुरू झाल्यापासून त्यांची खिडकी उघडी असते. मी दुसऱ्या वाटेने जायचं ठरवलं होतं, पण ती फार लांबची पडते. काल गेले तेव्हा आतून ताटलीवर चमचा आपटल्याचा आवाज आला, आणि मग कुणीतरी हसऱ्या, तरतरीत आवाजात म्हणालं,

"बघते ना काकू! काळजीच नको!"