जमनाबायच्या वांग्यांखालचं झुडूप

मित्रांनो, मी रानवांग्याचं एक जुनं झुडूप आहे. माझ्या पानांची खालची बाजू पांढरी, लवदार, फांद्यांवर काटे, फुलं जांभळी, पाच पाकळ्यांची. वांगी, बटाटे, टोमॅटो, मिरच्या हे माझे नातेवाईक. माझी वाटाण्याएवढी लाल फळं मात्र कडू, म्हणून कुणी तोडत नाही.

सफाळ्यामागच्या डोंगरात, दाट सावलीच्या कडेला मी उगवलो. तिथून, त्याच डोंगरात राहणाऱ्या नवसीनं मला आणि माझ्या अकरा भावंडांना समुद्राकाठच्या चिंचणीला आणलं. भात झोडून झालं की ती दरवर्षी जमनाबायच्या वाडीत कामाला येई. १९८४ साली जमनाबायची वांगी सलग तिसऱ्यांदा, ऐन फळ धरताना, माना टाकून मेली होती.

"आता एकदाच लावीन. मेली तर वाडी सोडली मी," जमनाबाय म्हणाली.

"मातीतच रोग हाय, बाय. हे आमचं रानवांगं कदी मरत नाय," नवसीनं मला पुढे केलं.

"मग काय काटं शिजवू?"

चिकूची कलमं बांधणारा आत्माराम तिथेच बसला होता. "खिरणीच्या मुळावर चिकू चालतो, तर याच्यावर वांगं बांधून बगू."

"उद्या माडावर काकडी बांध, आत्मारामा!" जमनाबाय म्हणाली.

तरी त्यानं आम्हा प्रत्येकाचा शेंडा कापला, खोडाला चीर दिली, तिच्यात वांग्याची कोवळी फांदी बसवली आणि केळीच्या सोपटानं बांधली. पंधरा दिवसांत आमचा रस एक झाला. शेजारच्या वाडीतली वांगी सुकली. आम्ही बारा जण उभे राहिलो. लोक वांग्यांना हात लावून "काय तुकतुकीत!" म्हणत. खाली कुणी पाहत नसे. मला थोडं वाईट वाटे.

"सांध्याखाली फुटवा आला तर लगेच मोड," आत्मारामानं बजावलं होतं. जमनाबायनं अकरा झुडपांचे फुटवे मोडले. कुंपणाजवळचा मी राहून गेलो. माझे काटेरी फुटवे वाढले आणि वरचं वांगं वाळून गेलं.

दोन वर्षांत बाकीची कलमं थकली. जमनाबायनं नवसीला रानवांग्याची नवी रोपं आणायला सांगितलं होतं, पण ती रिकाम्या हातांनी आली. तेव्हा जमनाबाय मला तोडायला कोयता घेऊन माझ्यासमोर उभी होती.

"मुरूम काढायला डोंगराची ती बाजू खणली, बाय. एक रोप नाय रायलं." एवढ्यात तिला माझी लाल फळं दिसली. "थांब! हे तं तेच हाय. तुज्या आळसानं वाचलं!"

"आळस कसला? मीच मुद्दाम ठेवलेलं," जमनाबाय म्हणाली, आणि दोघी हसल्या.

माझ्या फळांतलं अर्धं बी जमनाबायनं वाफ्यात पेरलं. अर्धं नवसीनं पदराच्या गाठीला बांधून डोंगरात नेलं.

मित्रांनो, ताटात वांगं आलं की खुशाल त्याचंच कौतुक करा. पण कुंपणाजवळचं एखादं काटेरी झुडूप तोडण्याआधी डोंगरातून आलेल्या एखाद्या बाईला त्याचं नाव विचारा. तोवर कोयता खाली ठेवा.