एका बाजूने रंगलेली छागल

मी एक जुनी छागल आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल, म्हणून आधी माझी ओळख करून देते. मी जाड सुती कॅनव्हासची, उशीएवढी पिशवी आहे. वरच्या कोपऱ्यात मला निमुळते तोंड आहे, त्यात लाकडी बूच बसते, आणि टांगण्यासाठी काठाला दोर बांधलेला आहे. माझ्यात पाणी भरायचे आणि मला उन्हावाऱ्यात लटकवून द्यायचे. बर्फ नको, वीज नको, थोड्या वेळाने पाणी गार झालेले असते. माझी एक बाजू मातकट खाकी आहे आणि दुसरी घराच्या छतासारखी पांढरी. ही दुसरी बाजू अशी का झाली, तेच मला आज सांगायचे आहे.

माझा जन्म रायपूरच्या गोल बाजारातला. तिथल्या एका अरुंद दुकानात तंबू आणि ताडपत्र्या शिवत. एका मोठ्या तंबूतून उरलेल्या कापडातून कारागिराने माझे दोन तुकडे बेतले, मेण ओढलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवण घातली आणि मला दाराशी खिळ्याला अडकवले. तिथून मला तुळशीरामांनी उचलले. ते भंडाऱ्याकडचे. रेल्वेच्या कारखान्यात वॅगन दुरुस्तीच्या कामाला नुकतेच लागले होते. सोबत त्यांची बायको कलावती होती.

"पिशवीत पाणी?" तिने मला उलटसुलट करून पाहिले. "मले काय खुळी समजता का तुम्ही?"

"थंड राहते म्हणतात."

"म्हणणाऱ्याचं काय जाते! वाहून गेलं त तुमच्याच डोक्यावर पिळीन मी हे."

पण दुसऱ्याच दिवशी माझ्यातले पाणी पिऊन तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "हव, खरंच आहे." त्या दिवसापासून मी तिची झाले. मला भरायचे, पुसायचे, सहलीहून आल्यावर सावलीत वाळवायचे, सगळे तीच करी. कोणी मला तोंड लावू लागले की लांबून ओरडे, "ओंजळ करा रे, ओंजळ!"

माझे कामाचे दिवस फार मजेचे होते. तुळशीरामांच्या शेजारी दयाराम नावाचे छत्तीसगढी गृहस्थ राहत. त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. सुटी आली की दोन्ही घरची माणसे त्या जीपमध्ये कोंबली जात आणि मी पुढच्या बाजूला, बाहेर, वाऱ्याच्या तोंडावर लटकत असे. साऱ्या गाडीत सगळ्यात चांगली जागा माझीच! हिवाळ्यात आम्ही कुणाच्या तरी शेतात रोडगे करायला जात असू. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड गोळे भाजायचे आणि वांग्याच्या भाजीत कुस्करून खायचे, ही आमच्या भंडारा-नागपूरकडची रीत. दयारामांच्या घरच्यांनाही तिची चटक लागली होती. उन्हाळा सुरू झाला की जंगलाकडे जायचे, तेंदूची आणि चाराची, म्हणजे चारोळीची, फळे वेचायला. परतताना सगळ्यांचे हात चिकट झालेले असत आणि माझ्या दोरावरही ती चिकटाई उरे. पावसाळा आला की मला सुटी. हवाच ओली असली तर मी पाणी गार करू शकत नाही.

सगळ्यात मोठी सहल मात्र वैशाखातली. बुद्धपौर्णिमेला ही मंडळी महानदीकाठच्या सिरपूरला जात. तिथे जुन्या विटांच्या विहारांचे अवशेष आहेत. ऊन असे की विटांवर पाय ठेववत नसे. त्या दिवशी माझी खरी परीक्षा असे. एकदा वाटेतच जीप तापून बंद पडली. इंजिनातून वाफ निघू लागली. दयारामांनी माझ्याकडे हात केला.

"हात नका लावू, दयाराम भैया," कलावती म्हणाली. "हे पाणी माणसाचं आहे. तुमच्या जीपले नेऊन त्या तळ्यात, तुमच्या तरियात डुबवा."

"भउजी, जीप नइ चलही त मनखे मन कइसे जाहीं?" जीपच चालली नाही तर माणसे जाणार कशी, असा दयारामांचा सवाल.

"पायी जातीन! मनखेले पाय असतेत."

सगळे हसत सुटले. हसून झाल्यावर तिनेच माझे बूच काढून अर्धे पाणी जीपला दिले.

मग दिवस बदलले. दयारामांची जीप विकली गेली. कलावतीचा मुलगा यशदीप शिकला, नव्या रायपूरमधल्या एका कार्यालयात नोकरीला लागला आणि त्याने बंद काचांची, थंडगार गाडी घेतली. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, गार पाण्याचे मोठे जार आले. माझी आठवण हळूहळू कमी झाली. आणि मग एका हिवाळ्यात कलावती आजारी पडली आणि गेली. त्यानंतर मला कोणी हातात घेतले नाही. तुळशीरामांच्या खोलीतले कपाट हलत होते. कोणीतरी माझी घडी करून त्याच्या पायाखाली सरकवली. कपाट हलायचे थांबले. मित्रांनो, वाईट वाटले असे मी म्हणणार नाही. तेही कामच होते. पण वारा म्हणजे काय ते मी विसरत चालले होते.

त्या खोलीत पडल्या पडल्या मी एक गोष्ट मात्र पाहत होते. घरचे लोक सहलीला निघाले की तुळशीराम मागे राहत. दरवेळी कारण वेगळे असे. कधी गुडघा, कधी बंद गाडीत मळमळ, कधी नुसतेच "तुम्ही जा, मी आहो घरी." सगळे गेले की ते खिडकीशी बसून राहत. सिरपूरचे नाव निघाले तर उठून बाहेरच जात. कलावतीशिवाय त्या वाटेला जायचे त्यांच्या जिवावर येत होते. यशदीपला हे कळत होते, पण वडिलांना काय म्हणावे ते त्याला सुचत नव्हते.

यंदा बुद्धपौर्णिमा जवळ आली तेव्हा यशदीपच्या मुलीने, चेतनाने, हट्ट धरला. ती पाचवीत आहे. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर द्यायची वेळ आली की ती हिंदीत देते.

"पापा, आबा नहीं जाएँगे तो मैं भी नहीं जाऊँगी."

"अगं, मी त्यायले चला म्हणून नाही राहिलो का? येतच नाहीत ते."

त्याच दिवशी तिचा चेंडू कपाटाखाली गेला आणि तो काढता काढता मी तिच्या हाती लागले. "ये क्या है?" तिने विचारले. यशदीपने मला हातात घेतले आणि माझी घडी उलगडली. मग तो खाली बसला आणि लेकीला जीपची, रोडग्यांची, आईची गोष्ट सांगू लागला. सांगता सांगता त्यालाच वाटले, ही छागल पुन्हा तयार केली तर बाबा कदाचित येतील.

त्याने मला नळाखाली धरून भरले. पण मी इतकी वर्षे कोरडी पडले होते! माझे धागे आक्रसून गेले होते. पाणी माझ्यातून धो धो वाहिले आणि सगळ्या फरशीवर पसरले.

"पापा, ये तो पूरी फटी हुई है!"

"फाटली नाही, गळून राहिली. थांब, हिले पक्की करतो."

यशदीप मोठा नेटका माणूस आहे. जे करील ते नीट करतो. पंधरवड्यापूर्वीच त्याने घराच्या छताला गळती रोखणारा पांढरा रंग दिला होता आणि डब्यात थोडा उरला होता. छत गळायचे थांबते, तर छागल का नाही थांबणार, असा त्याने विचार केला. तुळशीराम बुद्धविहारात पौर्णिमेच्या तयारीला गेले होते. बाप-लेकीने मला छतावर नेले, उन्हात आडवे केले आणि ब्रश बुडवला.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. नाहीतर मी ओरडले असते. का, ते सांगते. आंघोळ करून ओल्या अंगाने तुम्ही पंख्याखाली उभे राहिलात की शहारा येतो ना? अंगावरचे पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. माझेही तसेच आहे. माझ्या कापडातून पाणी हळूहळू पाझरते, वारा ते उडवतो आणि आतले पाणी गार होते. माझ्या अंगावर रंगाचा थर बसला की पाझर बंद, आणि पाझर बंद झाला की मी एक साधी पिशवी. ब्रश माझ्या एका बाजूवर काळजीपूर्वक, प्रेमाने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरला. त्याच बाजूवर रंगाचा दुसरा हातही झाला. मग ती बाजू वाळण्याची वाट पाहत दोघे सावलीत बसले.

तेवढ्यात खाली फाटक वाजले. चेतना जिन्याकडे धावली. "आबा, ऊपर आओ ना! सरप्राइज़ है!"

तुळशीराम गुडघ्यावर हात ठेवत वर आले. मला पाहिले आणि जागीच थांबले. यशदीपच्या हातातला ब्रश पाहिला.

"हे काय केलं, यश?"

"गळत होती, बाबा. दुसरी बाजू झाली की एक थेंब बाहेर येणार नाही."

"मग पाणी थंड कसं होईन?"

तुळशीराम खाली बसले. त्यांनी माझ्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. "अरे बावा, हिले आधी भिजू द्या लागते. भिजली का धागा फुगते, गळणं आपोआप थांबते. पाझरणं राहते, ते राहूच द्यायचं असते. मले विचारायचं त खरं."

"तुम्हाले सांगितलं असतं त तुम्ही नाहीच म्हटलं असतं," यशदीप खाली मान घालून म्हणाला. "तुम्ही यावं म्हणून करून राहिलो होतो. आईचं पाणी..." त्याने ब्रश खाली ठेवला.

चेतनाने हळूच विचारले, "आबा, अब ये मर गई क्या?"

"नाही पोरी. अर्धी जीती आहे." तुळशीरामांनी मला उचलून उन्हाकडे धरले. "ही उघडी बाजू वाऱ्याकडे राहिली पाहिजे. गाडी वळली का हिलेही वळवा लागीन. तुह्या बापाच्यानं होणार नाही ते. तो गाडी चालवीन का छागल पाहीन?"

"तो फिर कौन देखेगा?"

तुळशीरामांनी तिच्याकडे पाहिले, मग मुलाकडे. "मलेच या लागते आता. करता काय!"

चेतनाने अशी उडी मारली की रंगाचा डबा कलंडला. उरलेला सगळा रंग छतावर सांडला. यशदीप ओरडायच्या ऐवजी हसू लागला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तुळशीरामांनी मला रात्रभर बादलीत भिजत ठेवले. सकाळी माझे धागे भरून आले होते आणि पाणी माझ्यात टिकून राहिले. गाडीत ते पुढच्या सीटवर बसले, काच खाली केली, माझा दोर आतल्या दांडीला बांधला आणि मला दाराबाहेर सोडले. काच उघडी, म्हणून आतला गारवा बंद. "पापा, गर्मी!" मागून आवाज आला. "पोट्टी, वारा खाय जरा. बंद डब्यात बसून जग दिसते का?" वाटभर ते मला फिरवत राहिले. रस्ता डावीकडे गेला की इकडून, उजवीकडे गेला की तिकडून. इतक्या वर्षांनी वारा माझ्या अंगाला लागत होता, तोही एकाच बाजूने!

सिरपूरला एका झाडाखाली बूच उघडले. तुळशीरामांनी पहिली ओंजळ घेतली. यशदीप त्यांच्याकडे पाहत होता.

"पहिल्यासारखं नाही," तुळशीराम म्हणाले. त्यांना खोटे बोलता येत नाही. यशदीपचा चेहरा पडला. "पण बाटलीपेक्षा बरं आहे. घे, पी. तुह्या हातचा रंग आहे त्याले."

चेतनाने दोनदा ओंजळ पुढे केली. मग आजोबांनी तिचा हात धरला आणि दोघे विटांच्या अवशेषांकडे निघाले. "इथं तुही आजी बसत होती," मला ऐकू आले. "आणि दयारामले सारखी चिडवत होती..." कलावतीबद्दल ते इतके बोललेले मी तिच्यानंतर प्रथमच ऐकत होते. मी फांदीला लटकून थेंब थेंब पाझरत राहिले.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे, म्हणून तुमच्याकडे एकच मागणे मागते. घरातली जुनी वस्तू सापडली तर तिला टाकू नका, आणि प्रेमाच्या भरात लगेच दुरुस्तही करू नका. आधी ती ज्याने वापरली त्याच्यापाशी बसा आणि ती कशी चालते ते विचारा. वस्तू तर वाचेलच. पण कित्येकदा त्या माणसालाही कोणीतरी विचारण्याची गरज असते.

आता पावसाळा सरून हिवाळा लागला आहे. मधले महिने मी व्हरांड्यातल्या खुंटीवर कोरडी, स्वच्छ टांगलेली होते. काल दयारामांच्या घरून निरोप आला, त्यांच्या गावाकडच्या शेतात रोडगे करायचे आहेत. आज सकाळी चेतनाने स्वतःच मला खाली काढले, बादली भरली आणि मला पाण्यात दाबून धरले. बुडबुडे वर आले.

"आबा, कितनी देर भिगाना है इसको?"

तुळशीराम अंगणात गोवऱ्या पोत्यात भरत होते. वर न पाहताच म्हणाले, "आपण निघेपर्यंत."