तबेल्याच्या दाराच्या फळ्या

“त्या राखातसमोर वही उघडी टाकू नकोस गं. पाहुणी म्हणून येते आणि आधी कपाटांकडे बघते,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

“आई, ती भौतिकशास्त्र शिकवते, चोऱ्या करत नाही!” पेरिझातने हसण्यावारी नेलं.

बिश्केकच्या विद्यापीठात पेरिझात इतिहास शिकवायची. विज्ञान प्रत्यक्षात कसं घडतं, हे सगळ्या विषयांच्या लोकांनी एकत्र बसून तपासावं, ही कल्पना तिची. पहिल्या बुधवारी तिच्या घरी चहाला चार डोकी जमली. त्यात राखात एजे. वयाने मोठी, म्हणून सगळ्यांची एजे, थोरली ताई. वर्षभरात वीसजण झाले. नियम एकच: चहावर बोललेलं नावानिशी बाहेर न्यायचं नाही. लेकीला मांडीवर घेऊन पेरिझात टिपणं काढायची.

एकदा तिनेच इसाबेक अक्साकालना डोंगरातल्या बर्फ मोजायच्या ठाण्यावरून बोलावून आणलं. तीस वर्षं तिथे एकटा राहिलेला म्हातारा, पांढऱ्या दाढीच्या मानाने अक्साकाल. बिचारा दाराशीच टेकत होता. एजेने हाताला धरून त्याला मानाच्या जागी बसवलं, स्वतः नान मोडून दिला.

“अक्साकाल, तुमचा आकडा कधी चुकतो का हो?”

“चुकतो कसला? दोन हिवाळे तर आकडा मीच घडवलाय!” म्हातारा खुलला. “मोजायची काठीच गडप झाली होती. मग तबेल्याच्या दाराची कितवी फळी बुडाली ते बघायचो आणि लिहायचो.”

“आणि साहेबांना?”

“त्यांना फळ्या कशाला सांगू? त्यांना सेंटिमीटर आवडतात.”

हशा पिकला. पेरिझात भराभर लिहीत होती. याचसाठी तर हे मंडळ काढलं होतं.

पुढच्याच आठवड्यात लेक तापाने फणफणली. “वही दे, टिपणं मी नीट करते. तू लेकराकडे बघ,” एजे म्हणाली. दूध दोनदा मनगटावर टाकून बघणाऱ्या पेरिझातने वही मात्र क्षणात काढून दिली.

महिन्याभरात मंडळाचं अधिकृत केंद्र झालं, संचालक राखात एजे. एजेने विद्यापीठाला दिलेल्या मंजूर प्रस्तावाच्या चौथ्या पानावर ‘बनावट नोंदींचं उदाहरण’ होतं. इसाबेकचं पूर्ण नाव, ठाणं, दोन्ही हिवाळे. मजकूर पेरिझातचाच, शब्दन् शब्द.

“एजे, नाव कशाला घातलंत? आपलं ठरलं होतं.”

“बिननावाच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवतं? केंद्र तुलाच हवं होतं ना? आणि अक्षर कुणाचं आहे वहीत, माझं?”

इसाबेकची नोकरी गेली, ठाण्यातली खोली सोडायचा हुकूम निघाला. पेरिझातने फोन केला तर म्हातारा एवढंच म्हणाला, “पोरी, मला वाटलं घरातच बोलतोय.” त्यानंतर फोन उचललेला नाही. नऊ दिवस झाले. रस्ता बर्फाने बंद आहे, लेकीचा खोकला हटत नाही.

म्हणून पेरिझात तुम्हालाच विनवते आहे. घोड्यावरून त्या खोऱ्यात कुणी जाणार असाल, तर ठाण्याचं दार ठोठावा. कुणी पाठवलं ते लपवू नका. म्हाताऱ्याने तिच्या नावाने शिव्या घातल्या तर निमूट ऐकून घ्या, पण चूल पेटलेली आहे का ते बघून या.