दस्ती बांधलेली तोटी

भूकंपानंतर लातुरात ज्याला त्याला स्लॅबची भीती. मी मागच्या अंगणात पत्र्याच्या खोल्या बांधल्या तेव्हा जावा हसल्या. मग गावात क्लासेसचं पेव फुटलं, देगलूरच्या पोरी ट्रंका घेऊन आल्या आणि त्याच खोल्या भरल्या. पत्र्याखाली उकडतं, पण उकडून कुणी मरत न्हाई, असं मी पोरींच्या बापांना तोंडावर सांगते.

माझं दुखणं तोटीचं. नगरपालिकेचं पाणी मनाला येईल तेव्हा हौदात येतं आणि मोटर लावली की वरच्या टाकीत चढतं. मधल्या वेळात टाकी कोरडी. पोरगी तोटी फिरवून बघते, थेंब न्हाई, तशीच क्लासला पळते. त्या गोल मुंडीकडं बघून तोटी उघडी का बंद ते देवालाही कळायचं न्हाई. मग मोटर चालते आणि भरलेली टाकी गटारीत.

भार्गवीच्या बापाचा, व्यंकटरावांचा, देगलूरहून फोन आला. "परीक्षा तोंडावर आली, अन् पोरगी बिनआंघोळीची क्लासला जाऊन राहिली. अजून एकदा असं झालं तर सामान उचलतो."

भार्गवी गेली की देगलूरच्या सगळ्या पोरी तिच्यामागं जाणार. घर चालतं ते या खोल्यांवर. माझा लेक बसवंत नोकरीच्या जाहिराती तेवढ्या छान वाचतो.

त्याला घेऊन मी महेबूबच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"अशी तोटी दे, जी उघडी ठेवायची म्हटलं तरी राहणार न्हाई."

"अम्मा, तशी स्टेशनावर असते. दाबली की पाणी, सोडली की बंद. पण त्यात धुणं कसं धुणार?"

"ते पोरी बघतील. शिकायलाच आल्यात ना."

बसवंत म्हणाला, "अव्वा, प्लास्टिकच्या घेऊ. स्वस्त पडतात."

"तुला प्लास्टिकचं नाक बसवू का? तेही स्वस्तच पडंल."

दाबायच्या तोट्या बसवल्या आणि मी निवांत झाले. पोरी खरंच शिकायला आल्या होत्या. त्यांनी केसाच्या रिबिनी काढून तोट्यांच्या मुंड्या दाबून बांधल्या, दोन्ही हातांनी धुणं धुतलं आणि मधेच पाणी संपलं तशा रिबिनी न सोडताच क्लासला गेल्या. टाकी पुन्हा कोरडी.

तिसऱ्या दिवशी व्यंकटराव टेंपो घेऊनच दारात. पांढरे कपडे, कपाळाला आठ्या. हात धुवायला अंगणातल्या तोटीशी गेले.

"पाणी कुठंय?"

"मोटर लावलीय. दाबून धरा, येईल."

"कुठवर दाबून उभं राहू? अन् एका हातानं दाबलं तर तो हात धुवायचा कसा?"

"आधी डावा धुवा, मग उजवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, खिशातली हात पुसायची दस्ती काढून तोटीला करकचून बांधली आणि पोरीचं सामान आवळायला खोलीत गेले. थोड्या वेळानं पाणी आलं. धो धो. माझा जीव तुटत होता, पण मी हात लावला न्हाई. बसवंत धावला तर त्याला म्हटलं, "बस गप." पाणी अंगणभर झालं, ओट्याखालून टेंपोच्या चाकापर्यंत गेलं. मग मी हाक मारली.

"व्यंकटराव, ही दस्ती कुणाची हो?"

ते गादी खांद्यावर घेऊन दारात आले आणि तिथंच थांबले. भार्गवीनं तोंडात ओढणी कोंबली. बाकीच्या पोरींनी तेवढंही केलं न्हाई.

व्यंकटरावांनी गादी ओट्यावर ठेवली, दस्ती सोडली, पिळली आणि म्हणाले, "पाणी नसताना तोटी उघडी हाय हे लांबून दिसलं पाहिजे. आमच्या शेतातल्या मोटरच्या पायपाला दांडी असते. दांडी पायपाच्या रेषेत असली की उघडी, आडवी असली की बंद."

"तशी तोटी मिळते?"

"चला, बघू."

महेबूबकडं मिळाली. पितळी, हाताला जड, दांडीची. भाव ऐकून मी तोटी परत ठेवली. व्यंकटराव माझ्या बाजूनं असे भांडले की महेबूब मला म्हणाला, "अम्मा, यांना पुन्हा आणू नका."

तोट्या घेऊन परत आलो तर भार्गवी ट्रंकेवर बसलेली.

"बाबा, निघायचं?"

"कुठं? अभ्यास न्हाई का तुला?" असं म्हणून त्यांनी गादी उचलली, आत नेऊन टाकली, आणि रिकाम्या टेंपोत बसून देगलूरला गेले.