आधी भिंती की आधी ऊब

भाऊ ड्वेनला त्याच्या बायकोनं, शेरीनं, घराबाहेर काढल्याचं मार्लिस कांगासला कळलं तेव्हा त्याचा पिकअप तिच्याच दारात येऊन उभा होता. मागे कपड्यांनी फुगलेल्या काळ्या पिशव्या, हत्यारांची पेटी आणि ताडपत्रीखाली एक आरामखुर्ची. ऑक्टोबर अर्धा सरला होता आणि गावामागच्या खाणीवरून येणारं वारं आता कानाला चावत होतं. मार्लिसनं जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच विचारलं, "किती दिवस?"

"हिवाळा तेवढा काढू दे."

"घरात नाही."

"आईची खोली रिकामीच आहे ना?" ड्वेन म्हणाला, आणि तिथंच चुकला.

आई त्या खोलीत दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि तिथंच गेली. शाळेची बस चालवायची नोकरी मार्लिसनं मुदतीआधी सोडली ती आईला कुशीवर वळवायला, पुसायला, भरवायला. ड्वेन पाऊण तासावर राहायचा. दोन वर्षांत तो दोनदा आला, आणि दोन्ही वेळा बूट न काढता दारात उभा राहून परत गेला.

"त्या खोलीच्या दारापर्यंतच तुझी मजल होती," मार्लिस म्हणाली. "आता आत शिरायचं काही कारण नाही. गॅरेज आहे. पटत असेल तर बघ."

गॅरेज घरापासून सुटं होतं. तिच्या नवऱ्यानं बांधायला घेतलं, छप्पर चढवलं आणि मग तो ॲरिझोनाला निघून गेला, परत न येण्यासाठी. आत सिमेंटची जमीन, भिंतींचे उघडे लाकडी उभे खांब, वर उघडे वासे. मार्लिसनं मध्यंतरी थंडी अडवायला खांबांमध्ये काचेच्या लोकरीच्या गाद्या बसवून वर प्लास्टिक ताणलं होतं. पुढचं जिप्समच्या बोर्डांचं काम तसंच राहिलं होतं. बोर्ड आणून एका कोपऱ्यात रचलेले होते, त्यांवर उंदरांच्या लेंड्या.

ड्वेननं सगळं पाहिलं आणि म्हणाला, "आधी हीटर लावू. मग सावकाश बोर्ड मारतो."

"आधी बोर्ड. भिंती उघड्या असताना इथं काही पेटवायचं नाही. सगळी ऊब छपरातून वर जाणार, आणि एखादी ठिणगी उडाली तर गॅरेज आणि तू, दोन्ही जाल. गॅरेजला मला खर्च आलाय."

"बोर्ड मारला की सांधे पुट्टीनं भरावे लागतात, मार्ली. पुट्टी थंडीत सुकत नाही. गोठते."

"मग थंडी पडायच्या आत हात चालव. आणि मला मार्ली म्हणू नकोस."

असं ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं. ड्वेन शिकारीची जाड झोपपिशवी आरामखुर्चीत पसरून झोपायला लागला. घरातून ओढलेल्या वायरीवर एक विजेचं पांघरूण चालायचं, तेवढीच काय ती ऊब. शनिवारी परसातली सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायची, त्यात त्यानं मार्लिसचं आटोपल्यावर जायचं. जेवण त्याचं त्यानं बघायचं.

भिंतींचे बोर्ड त्यानं एकट्यानं मारले. छताला मात्र दोन माणसं लागतात. ते तो स्वतःहून म्हणाला नाही. मार्लिसनंच खिडकीतून पाहिलं, की हा गडी बोर्ड शिडीवर डोक्यानं तोलतोय आणि बोर्ड मधोमध मोडतोय. ती कोट चढवून गेली.

"मोडलास?"

"नाही, असाच आणला होता."

ती दुसऱ्या शिडीवर चढली. दोघांनी एकेक टोक धरून बोर्ड वर नेला आणि दोन्ही डोकी खालून टेकवली. ड्वेनच्या एका हातात ड्रिल होतं आणि स्क्रूचा डबा खाली जमिनीवर राहिला होता.

"तू उतर आणि घे," तो म्हणाला.

"मी सोडलं तर तुझ्या टाळक्यात बसेल."

"तुला चालेलच की."

"चालेल. पण बोर्ड फुकट जाईल."

तशीच उभी राहिली दोघं, मान आखडून, छतावरची भुकटी डोळ्यांत घेत. खिशातल्या दोन-चार स्क्रूंवर त्यानं एक बाजू कशीबशी टेकवली. मग म्हणाला, "शेरीसुद्धा अशीच. सगळं तिच्याच क्रमानं झालं पाहिजे."

"शेरीनं इतकी वर्षं सोसलं. मला तिचं कौतुक वाटतं."

"तुला कोणी सोसलं? तुझा नवरा तर हे गॅरेज अर्धवट टाकून पळाला."

 पुढचा बोर्ड चढवताना मार्लिसनं आपली बाजू जरा आधी सोडली, आणि ड्वेनच्या खांद्याला तो चांगलाच लागला.  छत तीन दिवसांत झालं आणि त्या तीन दिवसांत दोघांमध्ये कामापलीकडे एकही शब्द निघाला नाही.

नोव्हेंबर उजाडता उजाडता त्यानं सांध्यांवर कागदी पट्टी लावून पुट्टीचा पहिला हात दिला. त्याच आठवड्यात पारा घसरला तो वर यायचं नाव घेईना. पुट्टी वरून पांढरी, कडक दिसायची. बोट दाबलं की आत बर्फाची कुरकुर. ड्वेननं मार्लिसला बोलावून दाखवलं. बोलावताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते तिनं बस चालवताना पोरांच्या चेहऱ्यावर हजारदा पाहिलं होतं, दुसऱ्याचा डबा सांडल्यावर असतं ते.

"काय म्हणालो होतो मी?"

"उशीर तू केलास. आठवडाभर खुर्चीत पडून होतास."

"खांदा दुखत होता. कुणामुळे ते सांगू?"

"आता भिंती बंद आहेत. आणू हीटर. पण धुराडं असलेला, धूर बाहेर जाणारा. गॅसवाल्या बाईला फोन करते. ती येईपर्यंत धीर धर."

गॅसवाली बाई थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबरअखेरीलाच मोकळी होणार होती. ड्वेननं धीर धरला नाही. मार्लिस सामान आणायला शहरात गेली त्या सकाळी त्यानं कुणाकडून तरी बांधकामावरचा प्रोपेन गॅसचा हीटर आणला, तोफेच्या नळीसारखा, भणभणत पेटणारा. सुरुवातीला त्यानं मोठं दार हातभर उघडं ठेवलं होतं. बर्फ आत यायला लागला तसं ते खाली ओढलं.

मार्लिस दुपारी परतली तेव्हा गाडीतूनच तिला तो भणभणाट ऐकू आला. दार वर सरकवलं तसा आतून दमट, उग्र वाफारा तोंडावर आला. भिंतींवरून पाण्याचे ओघळ चालले होते. गोठलेली पुट्टी वितळून लोंबत होती आणि छतावरच्या कागदी पट्ट्या सुटून खाली झुलत होत्या. ड्वेन खुर्चीशेजारी जमिनीवर गुडघ्यांवर होता, उठायला बघत होता आणि उठता येत नव्हतं. चेहरा लालबुंद.

तिनं आधी हीटरचा कॉक बंद केला. मग त्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं. आईला ओढायची तसंच, पाठ सरळ ठेवून, मांड्यांवर जोर घेऊन. फक्त हा दुप्पट जड होता. बर्फात पडून तो भडाभडा ओकला. तिनं त्याचं डोकं एका बाजूला धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं फोन लावला.

हीटरचा कोंडलेला विषारी वायू अंगात भिनला होता; इस्पितळात त्याला प्राणवायू लावून संध्याकाळपर्यंत ठेवलं. मार्लिस त्याला गाडीतून घरी आणत होती. तो म्हणाला, "तू आधी हीटर लावू दिला असतास तर हे झालंच नसतं."

मार्लिसनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. "उतर."

"थंडी आहे बाहेर."

"माहीत आहे. उतर, नाहीतर खरं काय ते बोल. आईजवळ तू का आला नाहीस?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. "भीती वाटायची," शेवटी म्हणाला. "तिचा तो वास. हाक मारायची ती मला, बाबांच्या नावानं. मला नाही जमायचं ते."

"मलाही वाटायची भीती," मार्लिस म्हणाली. "मला पण ती बाबांच्याच नावानं हाक मारायची. मी ओ द्यायचे. रोज."

"मग मी काय करू आता?"

"काही करू नकोस. आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. फक्त ते ऐकून घे."

तिनं गाडी सुरू केली. त्यापुढे तो स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपला, गॅरेज राहण्याजोगं होईपर्यंत. आईच्या खोलीचं दार तिनं उघडलं नाही, आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

गॅसवाली बाई आली, तिनं जागा पाहिली आणि विचारलं, "हीटरच्या पंख्याला वीज लागते. भिंतीत वायर कुठाय?"

भिंत बंद करताना वायर टाकायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं. बाई म्हणाली, "तुमचं ठरलं की सांगा," आणि गाडीत जाऊन कॉफी पीत बसली. ड्वेननं करवत घेऊन स्वतःच मारलेला बोर्ड वरपासून खालपर्यंत कापला. मार्लिस बाजूला उभी राहून म्हणत होती, "वाकडं कापतोयस." आणि तो खरोखरच वाकडं कापत होता.

डिसेंबरात हीटर चालू झाला. ड्वेननं बिघडलेली पुट्टी खरवडून काढली आणि सगळे सांधे नव्यानं भरले. या वेळी ते रात्रीत सुकले. खुर्ची, दिवा, पिशव्या पुन्हा तिकडे गेल्या. जेवणाचं मात्र बदललं. सांगितलं कुणी नाही, पण संध्याकाळी तो मागच्या दारानं येऊन टेबलाशी बसायचा, ती ताट पुढे सरकवायची, आणि दोघंही बातम्या बघत जेवायची. शेरीचं नाव निघालं की भांडण व्हायचं. नाही निघालं तर दुसऱ्या कशावरून तरी.

जानेवारीत एका दुपारी मार्लिस गॅरेजात गेली. ड्वेन छताला शेवटचा हात देत होता. ती मान वर करून बराच वेळ बघत राहिली.

"दारावरचा सांधा फुगलाय."

"उजेड तसा पडतोय."

"उजेड नाही. फुगलाय. रंग दिला की लांबून दिसेल."

ड्वेन शिडीवरून उतरला. पुट्टीचं भांडं आणि थापी त्यानं तिच्या हातात दिली. "मग तूच कर."

मार्लिसनं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि शिडी चढली. त्यानं शिडीचे पाय धरले. तिनं थापी फिरवली, पुन्हा फिरवली, आणि तो खालून म्हणाला, "डावीकडे जास्त झालं."

"गप्प बस."

"जास्त झालंय, मार्ली. खरवड."

तिनं खरवडलं. पुट्टीचा गोळाच त्याच्या कपाळावर पडला. तो पुसत म्हणाला, "मुद्दाम केलंस."

"हो," ती म्हणाली आणि पुढचा सांधा बघायला लागली.